बरणीच्या मागची बाजू

कुपवाडच्या शेडमध्ये माझं काम सव्वानऊला सुरू होतं.
दोन टाक्या: एकीत पाणी, एकीत तेल.
दोघांना सत्तर अंशांवर आणायचं,
मग ते एकमेकांना नाही म्हणत नाहीत.
वीस मिनिटं ढवळणी. पांढरं, अजून पांढरं.
पंचेचाळीसला उतरलं की हळदीचा अर्क घालते,
शंभर किलोला पन्नास ग्रॅम.
एवढ्यानं काही पिवळं होत नाही.
पिवळ्यासाठी वेगळी बाटली आहे.
तिच्यावर चित्र नाही, नुसता आकडा.

बरणीवर पुढच्या बाजूला हळकुंड छापलंय
आणि शेजारी एक पान.
हळदीचं नाही ते, पुदिन्यासारखं दिसतं.
प्रिंटरकडे तेवढंच होतं.

आईनं मार्केट यार्डात अडतीस हंगाम हळद निवडली.
गड्डा इकडे, हळकुंड तिकडे, कणी सुपात.
घरी यायची तेव्हा पापण्या पिवळ्या,
बटव्यातली नाणी पिवळी,
चहाच्या कपाचा कान पिवळा.
नैसर्गिक म्हणाल तर तिच्याहून नैसर्गिक कोण?
आणि तळव्यांना भेगा अशा,
की रुपयाचं नाणं उभं राहावं.

हरिपूरच्या पेवांचं तीच सांगायची.
जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं राहायची,
ना कीड, ना बुरशी.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचे आत.
विझला, तर माणूस उतरायचा नाही.
टिकायचं तर कुणाचा तरी श्वास बंद करावा लागतो,
हे मला बी.एस्सी.ला कुणी शिकवलं नाही.

मार्चमध्ये बिरनाळे साहेब म्हणाले,
‘पद्मजा, या बॅचमधून ते फिनॉक्सी का काय ते काढा.
पुण्याच्या प्रदर्शनाला केमिकल-फ्री लिहायचंय.’
मी म्हटलं, ‘साहेब, पाणी पण काढू?’
ते हसले. स्टिकर आधीच छापून आले होते.

पाचव्या आठवड्यात विश्रामबागेतून एक बरणी परत आली,
रुमालात गुंडाळून, जणू आत काही जिवंत आहे.
होतंच.
क्रीमच्या मधोमध हिरवट करडं मखमली बेट,
कडेला बारीक पांढरी लव.
मी ती बरणी बराच वेळ टेबलावर उघडी ठेवली.
त्या अख्ख्या बॅचमध्ये
कुणी न छापलेलं, कुणी न विकलेलं,
आपणहून उगवलेलं तेवढंच होतं.
मग रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘नापास.’
सही केली, हात धुतले, दोनदा.

नव्या बॅचची एक बरणी घरी नेली.
आईनं झाकण काढून वास घेतला.
‘हळदीचा वास न्हाई गं ह्याला.’
‘अर्क आहे, आई.’
‘आसंल.’
मग चष्मा सापडेना म्हणून मला मागची बाजू वाचायला लावली.
मी वाचत गेले, तेवीस नावं,
ग्लिसरीन, सेटाइल अल्कोहोल, स्टिअरिक अ‍ॅसिड,
ती मान हलवत होती,
लग्नात सोयऱ्यांची ओळख करून दिल्यासारखी.

‘पयलं काय म्हनलीस?’
‘पाणी. जे जास्त, ते आधी लिहायचं असतं.’
‘आनि हळद?’
‘शेवटून तिसरी.’
‘मागनं का हुईना, बोलावली म्हनायचं,’ ती म्हणाली,
आणि बरणी फळीवर ठेवून दिली,
हळकुंड पुढे येईल अशी.

मग उशीखालून तिनं आपली ट्यूब काढली,
सिव्हिलच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली,
बिनवासाची, बिनचित्राची,
जमिनीखालच्या तेलापासून केलेलं पॅराफिन.
दिवा मालवायच्या आधी रोज लावते,
एकेक भेग शोधून, घाई न करता.
आता नाणं उभं राहत नाही.

तिला झोप लागल्यावर मी ट्यूबचं झाकण नीट बसवायला गेले.
पांढऱ्या प्लास्टिकवर अंगठ्याचा ठसा होता,
फिकट, पण पिवळाच.
यार्ड सोडून तिला सहा वर्षं झाली.